अडसर : एका मराठी बचावपटूची हकीकत

जुन्या कल्याणांतील किंवा ठाण्यांतील एखादा वाडा ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना अडसर म्हणजे काय हें सांगावयास नको. मोठ्या दरवाजाच्या आंतल्या अंगास, दोन्ही बाजूंच्या भिंतींत खोबणी ठेवीत आणि त्यांतून एक जाड लांकडी दांडा सरकवून दरवाजा बंद करीत. दिवसा हा दांडा भिंतीच्या पोटांत गडप झालेला असे. येणाराजाणारास त्याचें टोंक तेवढें दिसे. पाहुणा वाखाणणी करी ती दरवाजावरील पितळी फुलांची आणि कोरीव गणेशपट्टीची. अडसराची आठवण रात्रीं होई. फुटबॉलच्या खेळांत आपल्या गोलासमोर उभा राहून जो प्रतिपक्षाची वाट अडवितो, त्याची योग्यता नेमकी अशीच असते. श्रोतेहो, अशा एका खेळाडूची, राहुल भेके याची, आणि त्याच्या निमित्तानें महाराष्ट्रांतील फुटबॉलच्या पेशाची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

ही अडसराची उपमा मीं बसविलेली नाहीं; ती स्वित्झर्लंडांतून आली आहे. १९३२ सालीं कार्ल राप्पान हा व्हिएन्नाचा खेळाडू जिनीव्हाच्या सेर्व्हेत क्लबांत खेळाडू व शिक्षक अशा दुहेरी नात्यानें आला. त्या क्लबांतील खेळाडू पुरते धंदेवाईक नव्हते. दिवसा आपापला उद्योग करून खेळणारीं हीं माणसें. दमाच्या बाबतींत पूर्णवेळ खेळणाऱ्यांशीं त्यांची बरोबरी होण्यासारखी नव्हती. तेव्हां जें बळानें साधत नाहीं तें रचनेनें साधावें, असा विचार राप्पाननें केला. त्या काळीं बहुतेक ठिकाणीं दोन बॅक, तीन हाफबॅक आणि पांच पुढचे गडी अशी मांडणी असे. राप्पाननें दोन्ही कडांचे हाफबॅक मागें घेतले आणि मूळचे दोन बॅक मध्यभागीं आणले. त्या दोघांपैकीं एक जण दुसऱ्याच्या पाठीशीं, गोलाच्या तोंडाशीं राहूं लागला. पहिली फळी फोडून कोणी आंत शिरलाच, तर हा शेवटचा गडी ज्या बाजूस जरूर असेल त्या बाजूस सरके आणि वाट बंद करी. लोकांनीं या पद्धतीस फ्रेंच भाषेंतला 'व्हेरू' हा शब्द लाविला. व्हेरू म्हणजे दाराची कडी, अडसर.

१९३८ च्या विश्वचषक स्पर्धेंत पॅरिस येथें स्वित्झर्लंडची गांठ जर्मनीशीं पडली. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत जर्मनीनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला होता आणि तेथील नामांकित खेळाडू आपल्या संघांत घातले होते. ४ जूनचा सामना १-१ असा बरोबरींत सुटला, म्हणून ९ जून रोजीं तो पुन्हां खेळावा लागला. जर्मनीनें दोन गोलांची आघाडी घेतली. तरीहि स्वित्झर्लंडनें तो सामना ४-२ असा जिंकला. दोन गोल आंद्रे आबेग्लेन यानें केले. त्याच संघांत सेव्हेरीनो मिनेल्ली नांवाचा एक बॅक होता. १९३४ आणि १९३८ अशा दोन्ही विश्वचषकांत तो आपल्या देशाकडून खेळला. परंतु त्या विजयाची हकीकत जेथें जेथें सांगितली जाते, तेथें आबेग्लेन हटकून भेटतो आणि मिनेल्लीचें नांव हुडकावें लागतें. झालेला गोल मोजतां येतो. न झालेला गोल मोजावयाचा कसा? ज्या गोष्टी घडूं दिल्या नाहींत, त्यांचा इतिहास लिहिणें अवघड असतें, एवढेंच खरें.

शाळेंत शिकवीत असतां मला याचा पडताळा दरवर्षीं येई. मुलांचे दोन तट पाडले कीं प्रत्येक मुलगा 'मी पुढें, मी पुढें' म्हणून ओरडे. जो भिडस्त असे, किंवा ज्याच्या पायांत बूट नसत, त्याला मागें उभा करीत. मागें उभें राहणें ही जणूं शिक्षाच. वस्तुतः तेथें अधिक शहाणपण लागतें. पुढच्या गड्याच्या दहा युक्त्या फसल्या आणि अकरावी साधली तर तो वीर ठरतो. मागच्याच्या दहा युक्त्या साधल्या आणि अकरावी फसली तर सामना हातचा जातो. एकाला साहस शोभतें, दुसऱ्याला सावधपणा लागतो.

आतां आपल्या मुलुखाकडे वळूं. मुंबईंत रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ सालीं सुरू झाली. आरंभीं ती गोऱ्या पलटणींचीच मिरास होती. १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें ती मोडली. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या फुटबॉलचा संसार कचेऱ्यांनीं आणि कारखान्यांनीं चालविला. टाटा, मफतलाल, महिंद्र, रेल्वे, बँका, एअर इंडिया हीं नांवें कूपरेजच्या मैदानावर संघांचीं म्हणून गाजलीं. आमच्या ठाणें, डोंबिवली, कल्याणचा चाकरमानी सकाळची लोकल गांठून ज्या कचेऱ्यांत जाई, त्यांचींच हीं नांवें. खेळाडू कागदोपत्रीं कारकून किंवा कामगार असे. महिन्याच्या महिन्याला पगार घेई आणि पावसाळ्याच्या दिवसांत चिखलांत उतरे. गुडघा मोडला तर खेळ सुटे, परंतु पुष्कळदां नोकरी राही. पेशा म्हणून फुटबॉल नव्हता. तरी फुटबॉलपटूच्या घरची चूल पेटत होती.

या पिढीचे एक प्रतिनिधि म्हणून फॉर्च्युनातो फ्रँको यांचें नांव घेतां येईल. बारदेश तालुक्यांतील कोलवाळ या गांवीं १९३७ सालीं त्यांचा जन्म झाला. मुंबईंत ते टाटा स्पोर्ट्स क्लबकडून हाफबॅकच्या जागीं खेळले आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठीं निवडलेल्या भारतीय संघांत होते. ४ सप्टेंबर १९६२ रोजीं जकार्ता येथें आशियाई क्रीडास्पर्धेचा अंतिम सामना झाला, त्या दिवशीं ते मैदानावर होते. शिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनीं चार मागें, दोन मध्यें आणि चार पुढें अशी नवी मांडणी स्वीकारली होती, आणि मधल्या दोघांपैकीं एक फ्रँको. प्रेक्षकसमुदाय भारताच्या विरुद्ध खवळलेला होता. अशा स्थितींत भारतानें दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव करून सुवर्णपदक मिळविलें. पहिला गोल पी. के. बॅनर्जी यांचा. दुसरा जर्नैलसिंग यांचा. आणि जर्नैलसिंग मूळचे बचावपटू! आधींच्या एका सामन्यांत डोक्यास टांके पडल्यामुळें त्यांना पुढें खेळविलें होतें. बचावाच्या फळींतला मनुष्य गोल करतो तेव्हांच लोकांना तो दिसतो, याचें हें उदाहरण पुढील हकीकतींत आपल्या उपयोगीं पडेल. फ्रँको १० मे २०२१ रोजीं निवर्तले.

पुढें काळ पालटला. १९९६ सालीं राष्ट्रीय लीग निघाली, २००७ पासून तिचें रूपांतर आय-लीगमध्यें झालें आणि २०१४ सालीं इंडियन सुपर लीग सुरू झाली. खेळाडूला कचेरींतील खुर्चीऐवजीं करारपत्र मिळूं लागलें. पैसा वाढला, खेळ हाच पेशा झाला. परंतु ज्या संस्थांच्या भरंवशावर हा पेशा उभा राहावयाचा, त्या मात्र पत्त्यांच्या बंगल्यासारख्या निघाल्या. महिंद्र युनायटेडनें २००५-०६ सालीं राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० सालीं मालकांनीं तो संघच मोडला. पुणें एफ. सी., भारत एफ. सी., शिवाजियन्स हे पुण्याचे संघ पुढील दशकांत एकामागून एक नाहींसे झाले. मुंबई एफ. सी. २०१७ सालीं बंद पडला, एफ. सी. पुणें सिटी २०१९ सालीं. ज्या रोव्हर्स चषकानें पलटणी पाहिल्या, तोहि नवें शतक उजाडतांना इतिहासजमा झाला होता.

राहुल भेके याची कारकीर्द या पडझडीतून वाट काढीत गेलेली आहे. त्याचा जन्म मुंबईंत, ६ डिसेंबर १९९० चा. कूपरेजवर खेळणाऱ्या मुंबई एफ. सी. या संघांतून तो नांवारूपास आला. संघ गरीब, खेळाडू बहुतेक स्थानिक. शिक्षक खालिद जमील. हे खालिद स्वतः पूर्वीं महिंद्रकडून खेळलेले. लीगमध्यें टिकून राहणें हीच या संघाची महत्त्वाकांक्षा, आणि टिकून राहावयाचें तर गोल होऊं देतां कामा नयेत. बचावपटूस याहून चांगली शाळा कोणती? तेथून भेके कलकत्त्यास ईस्ट बंगालकडे गेला. त्या वेळीं सुपर लीगचा हंगाम अवघ्या कांहीं आठवड्यांचा असे. तेवढ्यापुरता तो २०१५ सालीं केरळ ब्लास्टर्सकडे आणि २०१६ सालीं पुणें सिटीकडे उसना गेला. २०१७ सालीं त्यानें बंगळूर एफ. सी. गांठला. त्याच वर्षीं त्याचा मुंबईचा जुना संघ बंद पडला आणि दोन वर्षांनीं पुण्याचाहि. शिंप्याची पेढी मोडली तरी सुई त्याच्याच हातांत राहते. याचेंहि तसेंच झालें.

भेके उजव्या बाजूचा बॅक म्हणून खेळतो, आणि मध्यभागींहि खेळतो. ही दुहेरी उपयुक्तता संघाच्या फार कामीं येते. कॉर्नरच्या वेळीं तो प्रतिपक्षाच्या गोलाशीं जाऊन उभा राहतो. आणि याच सवयीनें त्याला प्रसिद्धि दिली. २० एप्रिल २०१८ रोजीं भुवनेश्वर येथें सुपर कपचा अंतिम सामना झाला, प्रतिपक्ष त्याचाच पूर्वीचा संघ ईस्ट बंगाल. बंगळूर एका गोलानें मागें पडला असतां बरोबरीचा गोल भेकेनें केला आणि पुढें बंगळूरनें ४-१ असा विजय मिळविला. दुसऱ्या वर्षीं, १७ मार्च २०१९ रोजीं, सुपर लीगचा अंतिम सामना मुंबईंतच, अंधेरीच्या मैदानावर होता. गोवा आणि बंगळूर यांची झुंज नव्वद मिनिटांत सुटली नाहीं; जादा वेळहि संपत आला. ११७ व्या मिनिटास दिमास देल्गादोनें कॉर्नर मारला आणि भेकेनें डोक्यानें चेंडू गोलांत घातला. सामन्यांतला तो एकच गोल. बंगळूरला पहिलें सुपर लीग विजेतेपद मुंबईच्या मुलानें मुंबईच्या मातींत मिळवून दिलें.

तिसरा प्रसंग परदेशांतला. २०२१ सालीं भेके मुंबई सिटी या संघांत आला. ११ एप्रिल २०२२ रोजीं रियाध येथें आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्यें मुंबई सिटीची गांठ इराकच्या अल-कुवा अल-जविया या संघाशीं पडली. त्या स्पर्धेंत कोणत्याहि भारतीय क्लबास तोंवर एकहि सामना जिंकतां आला नव्हता. मुंबई एका गोलानें मागें होती. पेनल्टीवर बरोबरी झाली. आणि ७५ व्या मिनिटास पुन्हां कॉर्नर, पुन्हां भेकेचें डोकें. २-१. भारतीय क्लबाचा त्या स्पर्धेंतील पहिला विजय एका मराठी बचावपटूच्या नांवावर नोंदला गेला. ४ मे २०२४ रोजीं कलकत्त्यास मोहन बागानवर ३-१ असा विजय मिळवून मुंबई सिटीनें सुपर लीगचा चषक पुन्हां जिंकला, तेव्हां तोच संघाचा कर्णधार होता.

परंतु श्रोतेहो, या तीन गोलांवरून त्याची किंमत करणें म्हणजे अडसराची किंमत त्याच्या टोंकावरील नक्षीवरून करणें होय. त्याच्या खऱ्या कामाचा दिवस मला विचाराल तर मी १० सप्टेंबर २०१९ हा सांगेन. त्या दिवशीं भारत दोहा येथें कतारशीं खेळला. कतार त्याच वर्षीं फेब्रुवारींत आशियाचा अजिंक्य ठरला होता. भारताचा प्रमुख गोल करणारा सुनील छेत्री आजारामुळें खेळूं शकला नाहीं. कतारनें चारी बाजूंनीं मारा केला. गोलरक्षक गुरप्रीतसिंग आणि त्याच्यापुढील फळी, जींत भेके होता, हटली नाहीं. निकाल ०-०. या सामन्याच्या फलकावर कोणाचेंच नांव नाहीं, आणि तोच त्या फळीचा गौरव आहे. उलट, २०२४ च्या जानेवारींत आशियाई चषक स्पर्धेंत भारतानें तिन्ही सामने गमावले. सहा गोल झाले, केला एकहि नाहीं. आणि भेके त्याहि संघांत होता. अडसर दर वेळीं टिकतोच असें नाहीं. परंतु दुसऱ्या रात्रीं तोच पुन्हां खोबणींत सरकवावा लागतो.

आमच्या जिल्ह्यानेंहि या इतिहासाचें एक पान पाहिलें आहे. ६ नोव्हेंबर २०२३ रोजीं मुंबई सिटीनें चॅम्पियन्स लीगचा सामना नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर खेळला. प्रतिपक्ष सौदी अरेबियाचा अल-हिलाल, आशियांतील सर्वांत बलाढ्य संघांपैकीं एक. ठाण्याहून गाडींत बसलें कीं थेट नेरुळ. एवढ्या जवळ एवढा संघ कधीं आला नव्हता. मुंबई सिटी ०-२ अशी हरली. दोनच आठवड्यांपूर्वीं रियाधला तिच्यावर सहा गोल झाले होते. सहाचे दोन झाले. वर्तमानपत्रांनीं पराभव लिहिला, तो योग्यच. परंतु जे चार गोल झाले नाहींत, ते कोणीं तरी अडविले असलेच पाहिजेत.

आतां अलीकडची हकीकत. २०२४ सालीं भेके परत बंगळूरकडे गेला. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर सुपर लीगचा पुढील करारच ठरेना. हंगाम केव्हां सुरू होणार हें कोणासच सांगतां येईना. ऑगस्टच्या आरंभीं बंगळूर क्लबानें आपल्या पहिल्या संघांतील खेळाडूंचे व इतरांचे पगार अनिश्चित काळपर्यंत स्थगित केल्याचें जाहीर केलें. त्याच महिन्यांत खालिद जमील भारतीय संघाचे शिक्षक झाले. कूपरेजच्या त्या गरीब संघाचे गुरु आणि शिष्य देशाच्या संघांत पुन्हां एकत्र आले. ८ सप्टेंबर २०२५ रोजीं ताजिकिस्तानांत, मध्य आशियाच्या चषक स्पर्धेंत, तिसऱ्या क्रमांकासाठीं भारत ओमानशीं खेळला. १-१ अशी बरोबरी झाल्यावर पेनल्टींवर निकाल लावावा लागला. भारतातर्फे ज्या तिघांनीं चेंडू गोलांत घातला, त्यांत भेके एक होता. भारत ३-२ असा जिंकला. ओमानवर भारताचा हा पहिला विजय. ज्याच्या क्लबानें महिन्यापूर्वीं पगार थांबविल्याचें जाहीर केलें होतें, तो पस्तिशीकडे झुकलेला गडी बारा यार्डांवर चेंडू ठेवून शांतपणें उभा राहिला. पुढें ऑक्टोबरांत मडगांव येथें सिंगापूरकडून हार पत्करावी लागली आणि २०२७ च्या आशियाई चषकाचें दार भारताला बंद झालें. वर्षअखेर मुंबई सिटीच्या परदेशी भागीदारांनींहि आपला हात काढून घेतला.

इतिहासाच्या विद्यार्थ्यानें येथें एक तुलना करून पाहावी. राप्पाननें ज्या क्लबांत अडसराची पद्धत बसविली, तो सेर्व्हेत १८९० सालीं स्थापन झाला. म्हणजे आपल्या रोव्हर्स चषकाच्या आदल्या वर्षीं. २००५ सालीं या क्लबाचें दिवाळें निघालें आणि त्याला थेट तिसऱ्या पायरीवर जाऊन पुन्हां आरंभ करावा लागला. परंतु तो मेला नाहीं. नांव तेंच, गांव तेंच, माणसें तींच. एकेक पायरी चढत तो वर आला आणि २०२४ सालीं त्यानें स्वित्झर्लंडचा चषक जिंकला. आपल्याकडे दिवाळें निघण्याचीहि वाट पाहत नाहींत. मालकाचें मन उडालें कीं संघ संपला. कारण तो गांवाचा कधीं नव्हताच, तो मालकाच्या हिशेबवहींतली एक बाब होता. महिंद्र युनायटेड गेला तेव्हां तो हरत होता म्हणून गेला नाहीं.

अडसर कितीहि बळकट असला तरी तो अधांतरीं टिकत नाहीं. त्याचीं दोन्ही टोंकें ज्या भिंतींत शिरतात, त्या भिंतींचीं खोबणीं शाबूत असावीं लागतात. फ्रँको यांच्या पिढीला एका बाजूस नोकरीची भिंत होती. भेकेच्या पिढीनें ती सोडली, सोडावी लागली, आणि तिच्या जागीं क्लबाची भिंत उभी राहावयाची ती राहिली नाहीं. असें असतांहि हा मनुष्य दहा-पंधरा वर्षें एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकत, प्रत्येक ठिकाणीं वाट अडवून उभा राहिला. हा त्याचा गुण आहे. पण अशा एकट्याच्या गुणावर पेशा चालत नसतो. कल्याणच्या सुभाष मैदानावर, डोंबिवलीच्या क्रीडासंकुलांत, ठाण्याच्या उपनगरांतील मोकळ्या तुकड्यांवर आज जीं मुलें मागें उभीं राहतात, त्यांच्यापैकीं कोणी हा पेशा करावयाचें म्हटलें, तर त्याच्या आईबापांनीं पहिला प्रश्न हाच विचारावा : ज्या संघाकडून तूं खेळणार, तो कोणाचा? मालकाचा कीं गांवाचा? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर देतां येईल असा एक तरी क्लब ठाणें-कल्याणच्या पंचक्रोशींत उभा राहिला, त्याला वर्गणी देणारे सभासद मिळाले आणि त्यानें पन्नास वर्षें आपलें नांव बदललें नाहीं, तर पुढच्या भेकेला एवढीं गांवें पालथीं घालावीं लागणार नाहींत. आणि त्या क्लबाच्या दप्तरांत गोल करणारांच्या यादीशेजारीं एक रकाना, गोल होऊं न दिलेल्या सामन्यांत मागें कोण उभे होते त्यांच्या नांवांसाठीं, अवश्य राखून ठेवावा.